दुसरी लाइन

५ जानेवारी, सोमवार
शेंद्र्याच्या कंपनीत आज रुजू झालो. पन्नाशीत ‘नवा माणूस’ म्हणवून घ्यायला मजा वाटते. संस्कृत घेऊन एम.ए. झालो आणि जन्मभर इंटरनेटच्या तारा जोडल्या. वडील याला अधःपतन म्हणत. बायको उमा पगार म्हणते. काम आवडीचं आहे. ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी बसवायच्या. पहिली मेली की दुसरीनं तत्क्षणी भार उचलायचा, कुणाला कळूही नये. मॅनेजर नानासाहेबांनी चहा विचारला नाही. एवढंच म्हणाले, की इथं आम्ही कुठलीच गोष्ट एकटी ठेवत नाय.

७ जानेवारी
मंडळी तुसडी आहेत. हिशेबाच्या टेबलावरच्या सुलेखाताईंना नमस्कार केला, तर त्यांनी विचारलं, तुमचा दुसरा आला का? म्हटलं, बायकोसुद्धा एकच आहे. कुणी हसलं नाही. जेवताना उलगडा झाला. इथं प्रत्येक खुर्चीमागं दोन माणसं. दुसरा मागच्या हॉलमध्ये बसतो आणि पहिल्याकडं बघत राहतो. पहिल्यानं ओ दिली नाही, की दुसरा पुढं. यज्ञकर्माचा कीस पाडणाऱ्या मीमांसकांनाही असलं कर्म सुचलं नसतं.

९ जानेवारी
चाचणी झाली. मुख्य केबल ओढून काढली. विक्रीवाल्या राजकुमारचा व्हिडिओ कॉल अडखळलासुद्धा नाही. नानासाहेबांनी विचारलं, पहिली लाइन सुधारली तर? सांगितलं, आपोआप परत घ्यायची नाही, तसंच सेट केलंय. एकदा पडलेली पुन्हा पडते. दुसरी नीट चालतेय तर तिलाच चालू द्यावं. ते पहिल्यांदाच हसले. हसू काही बरं नव्हतं.
मागच्या हॉलमध्ये आज एक नवा बसलाय. पाठमोरा. टक्कल थेट माझ्या घडणीचं. ब्रह्मदेवालाही साचे कमी पडत असावेत.

१२ जानेवारी
ताप. फोन बंद करून दिवसभर झोपलो. ऑफिसला कळवायचं राहिलं.

१३ जानेवारी
हजेरीत काल मी हजर आहे.
राजकुमार म्हणाला, काल लई रंगात होता तुम्ही, श्लोक काय, किस्से काय! आज तोंड पाडून कशाला आलात? माझ्या खुर्चीत तो हॉलमधला पाठमोरा बसला होता. माझाच चष्मा, माझंच पोट. माझ्याकडं बघून मान डोलावली, मी डोलावतो तशी.
नानासाहेब म्हणाले, हाक मारली, तुम्ही ओ दिली नाय. त्यानं भार उचलला. परत घ्यायचं नाय, हे तुम्हीच सांगितलं व्हतं ना, पंडितजी?
उमाला बोललो नाही. घरी अजून मी मीच आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. सगळ्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला. माझा हात पसरलेलाच राहिला. सुलेखाताई वाटी घेऊन बाजूनं गेल्या — माझ्याकडं न बघता.
गेटवर वॉचमन सांडूनं कार्ड काढून घेतलं. म्हणाला, बंद पडलेली लाइन कशाला ठेवत्यात? कापत्यात. निघा.
मागं सगळे खिडकीत उभे होते. आता मात्र हसत होते.

१५ जानेवारी
जालना रोडवर नुसताच चालत राहिलो. गाड्यांचा आवाज. उमाचे फोन आले होते — ऐकूच आले नाहीत — एक नाही, तीन —
उलट फोन केला. म्हणाली, आत्ताच तर बोललो आपण, मटार घेऊन निघालात ना?
मी मटार —

संध्याकाळ
गारखेड्यात, आमच्या जिन्यावर. आत कुकरची शिट्टी. माझा आवाज रामरक्षा म्हणतोय. माझ्यापेक्षा शुद्ध.
बेल वाजवली. उमानं दार उघडलं. वाटलं, ओळखणार नाही.
ओळखलं.
नखशिखांत पाहिलं, मागं वळून पाहिलं, आणि हळूच म्हणाली, अहो, असं नका करू. इथं नका येऊ आता. हे घरात आहेत —
तिनं साखळी लावली. फटीतून म्हटलं, उमा, मग मी कोण? ती काही बोलणार, तेवढ्यात रामरक्षा थांबली. चपलांचा आवाज दाराकडं —
उमा त्याला सांगतेय, कुणी नाही हो, चुकून —
साखळी निघतेय. तो