शेगडीवरची बिडाची जाळी

आई, तुला वाकून नमस्कार. मी खुशाल आहे.

तू दिलेली बिडाची जाळी शेगडीवर ठेवली की छोटं पातेलं डुगडुगत नसे, दूधही खाली लागत नसे. खोलीतली मैत्रीण तर म्हणायची, "तुझी आई ती माझीही आई!"

काल ती खोली सोडून गेली. जाताना गळ्यात पडून रडली. नंतर चहा ठेवायला गेले, तर जाळी गायब! मागितली असती तर दिलीही असती गं. केसाने गळा कापला मेलीने.

बाबांचा खोकला कसा आहे?

मी मजेत आहे. चहा होईपर्यंत पातेलं धरून उभी राहते, एवढंच. आणि दर पत्रात तिला आशीर्वाद लिहितेस ना, तिच्या वाटणीचाही आता मलाच पाठव.

तुझीच,
धाकटी