एकाच वावरातली वांगी

...आणि माणूस निवडणुकीत पडला तर मतं परत मोजून घ्यावीत, सख्ख्या पुतण्याला गावाच्या ग्रुपमधून काढून काय मिळतं, नाना? तुम्ही ॲडमिन आहात, कलेक्टर नाही. असो. नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, काकूची शुगर उतरली असेल असं धरून चालतो, कारण तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र. (अक्षराला हसू नका. आठवीत शाळा सुटली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, सहीपुरतं येतं ना, बस झालं.)

माझा गुन्हा एवढाच. समोरच्या पॅनेलनं मंगळवारी भरीत पार्टी दिली, तुम्ही बुधवारी. दोन्हींचे फोटो ग्रुपवर आले. तीच माणसं, तीच केळीची पानं, वनाआबा तर दोन्हीकडे पहिल्या पंगतीत बोटं चाटताना. मी इथं तिरुपूरला बनियनच्या घड्या घालता घालता मोबाईलमध्ये बोलून ग्रुपवर आवाज टाकला, "बठ्ठा वांगा एकच वावरना शेतस, नाना!" राजकारणावर बोललो हो. टीव्हीवर मोठमोठी माणसं बोलतात तसं, हवेत. मला काय माहीत, समोरच्यांना वांगी खरोखरच तुम्ही विकली होती, तीही कडब्याखाली झाकून! गाव आधी हसलं, मग तुमच्या वावरात खुडलेली झाडं बघायला गेलं. विनोदाचं हेच वाईट. खोटा असला तर लोक हसून सोडून देतात.

गावातला समाधान फोनवर सांगत होता, तुम्ही पारावर सगळ्यांसमोर म्हणालात, "त्याले सांगा, आते तठेच ऱ्हाय." राहिलोच आहे. इथं सुपरवायझर दिवसभर "सीक्रम, सीक्रम" करतो, म्हणजे लवकर आवर. तेवढंच तमिळ मला येतं. खोलीतल्या बिहारी पोराला वांग्यांची गोष्ट हिंदीत सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "फिर क्या हुआ?" परत सांगितली. म्हणाला, "बैंगन का भाव क्या था?" माझ्या बोलण्याला हसणारी माणसं सगळी तुमच्या ग्रुपमध्ये, नाना. आपली बोली मी तिथंच बोलत होतो. आता दिवसच्या दिवस तोंड मिटून घड्या घालतो.

आपला (मानलात तर) पुतण्या,
तेजस

ता. क. माझं मत तुम्हालाच होतं. रजा मिळाली नाही.

आणखी एक ता. क. मला ग्रुपमध्ये परत घ्या. आई रोज संध्याकाळी तुमच्या लेकीकडे, दिपमालाकडे येऊन तिच्या मोबाईलवर माझा आवाज ऐकायची. फोनवर ती नुसती रडते, ग्रुपवरचं ऐकून मात्र हसते, असं दिपमालाच म्हणाली. काढून टाकलंय हे तिला सांगू नका, रेंज नाही म्हणा. यापुढे मी फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकीन.

शेवटचं. तुमचं डिपॉझिट जप्त झालं म्हणे. आईशप्पथ, हसलो नाही. ते मी भरून देतोय, पाचशे रुपये.