पुनरुज्जीवन

कंधार,
१४ फेब्रुवारी २०२५

भागवतदादा,

नमस्कार. इकडं सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. हरभरा काढून झाला. आईचा खोकला कमी आहे. बाबा दोन घास खातात आणि पालथे झोपतात.

बाबा फोनवर का येत नाहीत, असं तू विचारलंस. मी सांगायला लागले की मधेच तोडतोस, म्हणून लिहून राहिले.

लातूरला तू त्यांना पाहुणे म्हणून बोलावलंस. पत्रिकेवर 'सांस्कृतिक पुनरुज्जीवन महोत्सव'. एसटीत बाबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, मेलेल्याला पुन्हा जिवंत करणं. ते खुश झाले. "भागवत लई मोठं काम करून राहिला," म्हणाले.

मंडपामागं तू त्यांच्या हातात केसांचा टोप, खणांचा घागरा आणि पोतराजाचा आसूड, तो कोरडा, दिलास. आपली कला आहे, समितीचे साहेब आलेत, माझी इज्जत तुमच्या हातात, म्हणालास. बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि घागरा बांधला.

नुसता आवाज काढा, असं तू सांगितलं होतंस. हलगी वाजली आणि बाबांनी कोरडा खरा ओढला. पाठ फुटली. लोक मोबाइल धरून टाळ्या पिटत होते. तू माइकवर म्हणालास, "हेच आपलं पुनरुज्जीवन!"

मी तिथनंच उठले आणि मंडपामागं बाबांचा सदरा धरून उभी राहिले. आता इथल्या चहावाल्यानंही फलक लावलाय, गुळाच्या चहाचं पुनरुज्जीवन. मी तिथला चहा सोडला.

परवा बाबांच्या पाठीला हळद लावताना आई या गोष्टीवर पहिल्यांदा बोलली. आजोबांनंतर बाबा पोतराज, बाबांनंतर थोरला म्हणून तू. मरीआईच्या नावानं तुझे केस राखले होते. तू चालायला लागलास तेव्हा बाबांनी आधी तुझे केस कापले, मग स्वतःचे. वर्षभर गाव त्यांच्याशी बोललं नाही. तुला शाळेत घालायचं होतं, दादा, एवढंच.

परतीच्या एसटीत बाबा एवढंच म्हणाले, "तवा पोटासाठी अंगावर घेत होतो. ते पोतराजपण म्याच मारलं होतं, उज्वला. त्यानं का उठवलं?"



नांदेडच्या पुढच्या महोत्सवाच्या पत्रिकेत तू त्यांचं नाव दिलंयस म्हणे. ते काढ. मग साहेबांना सोडून एकटा ये आणि त्यांच्यासमोर बस. तोवर खाली 'तुझी बहीण' लिहायला हात धजत नाही.

उज्वला ग्यानोबा