बाबांचा नंबर अजून चालू आहे

प्रिय सिलासदादास,

बुंतू पारेहून धाकट्या डामारिसचा वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की फेब्रुवारीत कॉफीचे पोते उचलताना कंबर धरली, तेव्हापासून मी दिसेल त्याला वाकूनच नमस्कार करते. नव्या पाद्र्यांना वाटते मी फार विनयशील बाई आहे.) तिकडे तिमिकाला तू, वहिनी आणि मुले ठणठणीत असाल अशी आशा आहे. खाणीतली धूळ छातीत बसू देऊ नकोस. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे होते तसेच आहेत. डुकरांना मध्ये खोकला झाला होता, तो गेला. बाबा आजारीच आहेत. या महिन्यात त्यांच्या आजाराला दोन वर्षे चार महिने झाले. तब्येत स्थिर आहे. सकाळी कॉफी, दुपारी चारला कॉफी, जेवायला बांबूत शिजवलेले मांस, उशाशी सिगारेट. यातल्या कशालाही ते हात लावत नाहीत, पण ठेवले नाही तर आईला चैन पडत नाही. श्वास थांबल्यापासून त्यांनी एका शब्दाने कशाची तक्रार केलेली नाही, आणि श्वास चालू असताना हे त्यांना एक दिवसही जमले नव्हते हे तुला आठवत असेलच.

लुकासकाकांनी आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांनी ऑगस्टात अंत्यविधी करायचा असे ठरवून टाकले आहे. कोणी येवो न येवो. अंगणात बळीचा पहिला रेडा पडला की बाबा मेले, तोपर्यंत आजारी. तोपर्यंत त्यांच्याजवळ बसता येते, भांडता येते, माझे चुकले असे तोंडाने सांगता येते. नंतर फक्त रडता येते. हे आपल्यातल्या कोणाला शिकवावे लागत नाही, तुलाही नाही. पण तू कधी येणार हे विचारायला हे पत्र लिहिलेले नाही. तसे विचारणार नाही असा मी आईला शब्द दिला आहे. हे पत्र टॉवरबद्दल आहे.

तर टॉवर. मार्चमध्ये कंपनीने आम्हा सिमकार्डे विकणाऱ्यांना रांतेपाओच्या हॉटेलात बोलावले. भिंतीवर पडदा, पडद्यावर हातभर अक्षरे: ‘आशियातील मोबाइल कंपन्यांपुढील आव्हाने व वाढीच्या संधी’. बोलणारे मकास्सरहून आलेले बासोसाहेब. वय तिशीचे, बूट असे चकचकीत की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. आव्हानांना दोन तास लागले. सगळ्या आशियात आता ज्याला फोन घ्यायचा त्याने घेतलेला आहे, काहींनी दोन-दोन घेतले आहेत, नवे गिऱ्हाईक आणायचे कुठून? ज्यांच्याकडे फोन आहे ते एकमेकांशी बोलतच नाहीत, नुसती चित्रे पाठवतात. त्यात डोंगरातले टॉवर म्हणजे जावईच, डिझेल खांद्यावरून न्या आणि वर कौतुक करा. संधी जेवणानंतर होत्या, आणि जेवणानंतर निम्मी मंडळी झोपली होती. मी जागी होते (कंबर!), म्हणून शेवटचे वाक्य ऐकले. ज्या टॉवरखाली दोनशे चाळीस चालू नंबर नसतील, तो वर्षअखेरीस बंद.

घरी येऊन मी वही काढली. गाव मोजले, पलीकडची वाडी मोजली, चर्चचा नंबर धरला. दोनशे एकोणचाळीस. आणि बाबा.

बाबांचा फोन त्यांच्या उशाशीच असतो. रोज चार्ज करते आई. म्हणते, त्यांना तो हाताशी लागायची सवय आहे, उगाच शोधाशोध करतील. कंपनीच्या कागदावर प्रत्येक नंबरापुढे ‘हयात’ किंवा ‘मयत’ यावर खूण करायची होती. आता मी खोटे कशाला लिहू? दोन्ही खोडले आणि बाजूला लिहिले, ‘आजारी’. कागद मकास्सरला गेला. आठ दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन.

‘‘अहो, हे आजारी आहेत ते बरे कधी होणार?’’

‘‘नाही होणार. ऑगस्टात अंत्यविधी आहे.’’

बाई हळूच म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांनी तारीखसुद्धा दिली?’’

मी म्हटले, डॉक्टरांनी नाही, काकांनी. त्यावर त्यांनी फोन ठेवला. (मकास्सरची माणसे शिकलेली असतात पण त्यांना साध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात.)

यानंतर मेच्या मध्यावर बासोसाहेब स्वतः आले. सकाळपासून धुके असे उतरले होते की तांदळाच्या कोठाराचे छप्पर तेवढे दिसत होते, आणि त्या धुक्यातून आधी बूट आले, मग साहेब. फार खुशीत होते. म्हणाले, ‘‘डामारिसबाई, तुमच्या गावात एक ग्राहक हिरा आहे हिरा! रोज न चुकता चारच्या सुमाराला फोन लावतो. अशी माणसं राहिली कुठं आता?’’ आणि नंबर वाचून दाखवला. बाबांचा. मी म्हटले, असेल.

मग त्यांनी एक नकाशा उलगडला. टॉवरच्या तीन बाजूंना तीन पंखे असतात म्हणे, ज्याचे त्याचे गिऱ्हाईक ज्याच्या त्याच्या बाजूला, आणि जितके फोन जास्त तितका रंग गडद. गावाकडचा पंखा फिका, वाडीकडचा त्याहून फिका, आणि तिसरा लालभडक. ‘‘ह्या बाजूला मोठी वस्ती दिसते,’’ साहेब म्हणाले. ‘‘इथंच वाढीची संधी आहे. किती घरं आहेत?’’

तिसऱ्या बाजूला कडा आहे, दादा. आजोबा, पणजोबा, मार्ता मावशी, सगळे तिथल्या खडकात कोरलेल्या कबरींत आहेत, आणि सज्जात त्यांचे लाकडी पुतळे हात पुढे करून उभे. मी म्हटले, पुष्कळ आहेत, पण कोणी बाहेर पडत नाही. साहेबांनी ते वहीत टिपून घेतले. त्या लालभडक रंगाचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि तेव्हापासून टॉवरच्या कुंपणाला कुलूप लावायला मी दिवसाढवळ्यासुद्धा कोणाला तरी सोबत घेऊन जाते.

आता मुख्य प्रकार. कंपनीचा नवा नियम असा, की नंबर ज्याच्या नावावर त्याने कॅमेऱ्यात पाहून डोळ्यांची उघडझाप करायची, म्हणजे माणूस खरा असल्याची खात्री. साहेब म्हणाले, वडिलांना भेटूनच जातो. मी तोंड उघडणार इतक्यात आई आली आणि म्हणाली, ‘‘या ना, आत या. ह्यांना जरा बरं नाहीये, पण माणसं आली की आवडतं ह्यांना.’’ बूट काढून साहेब आत. खोलीत अंधार, खिडकीतून धुके आत आलेले, अंग टिकवायला टोचलेल्या औषधाचा तो गोडसर वास. आई वाकून म्हणाली, ‘‘अहो, मकास्सरहून साहेब आलेत, टॉवरचे.’’ साहेबांनी अदबीने वाकून चौकशी केली. झोप कशी लागते, भूक आहे का. बाबा काही बोलले नाहीत. साहेबांनी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, ‘‘काका, एकदा डोळे मिटा नि उघडा.’’

मी दारात उभी होते. हसू की ओरडू मला कळेना, म्हणून चौकट धरून ठेवली. आणि दादा, फोनने टिंग केले. हिरवी खूण आली. ‘खात्री झाली. धन्यवाद.’

साहेब म्हणाले, ‘‘झालं की! उगाच लोक घाबरतात ह्याला.’’ मग ओटीवर कॉफी पिता पिता त्यांनी विचारले, वडील फार कमी बोलतात, कधीपासून आजारी आहेत? आईने सांगितले. दोन वर्षे चार महिने. श्वास गेला त्या दिवशी पाऊस होता, हेही सांगितले, कारण तिला कोणाला तरी सांगायचेच असते. साहेबांचा कप हवेतच राहिला. त्यांनी एकदा आईकडे पाहिले, एकदा फोनवरच्या हिरव्या खुणेकडे, एकदा खोलीकडे. मग ते इतक्या सावकाश उठले की जणू मागून कोणी हाक मारील अशी भीती वाटत होती, जिना उतरले आणि अनवाणीच धुक्यात शिरले. बूट अजून आमच्याकडे आहेत. मापात बसले तर तुला ठेवते.

गडबडीत त्यांचे कागदही राहिले, आणि त्यात बाबांच्या नंबराची यादी होती. तीन महिन्यांतले फोन, रोज चारच्या सुमाराला, सगळे एकाच नंबरला. तुझ्या. बहुतेकांपुढे शून्य, म्हणजे तू उचललेले नाहीस. दोनदा उचललास, काही सेकंदांपुरता. आणि सात मे रोजी उचललास तो अकरा मिनिटे.

टॉवर तुझ्यामुळे आहे हे तुला कोणी सांगितले आहे का, मला माहीत नाही. कंपनीची माणसे जागा शोधत आली तेव्हा गावात कोणी द्यायला तयार नव्हते, कड्यातल्या लोकांच्या डोक्यावर लोखंड नको म्हणून. बाबांनी एकट्याने आपला माळ दिला. सगळ्यांशी वाकडे घेतले. का, तर तू तिमिकाला गेलास आणि तुझा आवाज ऐकायला त्यांना तीन डोंगर उतरावे लागत होते. रेंज आल्यावर ते रोज चारला फोन करायचे आणि रोज तेच विचारायचे, जेवलास का. तू एक दिवस वैतागून म्हणालास, कामाच्या वेळी फोन करत जाऊ नका, आणि मध्येच बंद केलास. सगळ्यांचीच मुले असे करतात, माझी तर रोज करतात. पण त्यानंतर बाबांनी फोन केला नाही आणि सहाव्या दिवशी ते आजारी पडले. तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस. त्याचा राग मला आहे, आणि तो मी लपवत नाही. पण तू तिथे कोणत्या तोंडाने जेवत असशील हेही मला कळते.

असो. टॉवरची हकिकत लांबली. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. कंबरेवर तिकडे काही मलम मिळत असेल तर पाठव.

तुझी
डामारिस

ता. क. आईला दिलेला शब्द मोडते. ऑगस्टाच्या आधी ये. आठ दिवस आधी ये, चार दिवस आधी ये, रेडा पडायच्या आदल्या दिवशी तरी ये. ते अजून आजारी आहेत. अजून तुला त्यांच्याजवळ बसता येईल. टॉवरची काळजी नको. अंत्यविधीला हजारभर पाहुणे येतील, प्रत्येकाच्या खिशात फोन असेल, आणि कंपनीला इतकी वाढ दिसेल की बासोसाहेबांना बढती मिळेल.

ता. क. २. आता खरे सांगते, नाहीतर तू घाबरून उलट येणारच नाहीस. ते फोन मी लावत होते. आई चारला कॉफी आणायला खाली जाते तेवढ्यात. माझ्या नंबरावरून लावला तर तू उचलत नाहीस, म्हटले बाबांचा तरी उचलशील. दोनदा उचललास आणि दोन्ही वेळा म्हणालास, ‘‘बाबा?’’ असा म्हणालास की मी फोन बंदच केला. माझे चुकले. त्या कॅमेऱ्याचेही काही नाही. आई बाबांच्या तोंडाशी वाकली होती, तिचीच पापणी लवली असणार. तेव्हा भुताखेताचे काही मनात आणू नकोस.

ता. क. ३. फक्त सात मेचा फोन माझा नाही. त्या दिवशी मार्ता मावशीला कड्यात ठेवायला आम्ही सगळे गेलो होतो, आईसुद्धा. बाबांना एकटे ठेवायचे नाही, पण दोन तासांचा प्रश्न होता. आईने त्यांना सांगितले, दाराला कडी-कुलूप घातले, किल्ली माझ्या कमरेला होती. परत आलो तेव्हा कुलूप तसेच होते. ती यादी मी आईला दाखवलेली नाही, कोणालाच नाही. आणि तरी सात मेपासून आई चारला दोन कप घेऊन आत जाते. आज मी विचारले, दुसरा कोणाला? तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच वेडी. म्हणाली, ‘‘सिलासला. भात कापायच्या आत येतो म्हणालाय ह्यांना.’’ दादा, तू तसे म्हणाला होतास का?