घर अल्तनायच्याच नावावर

मी, झाउरेश तोक्तारकिझी, वय एकसष्ट, राहणार करागांदा, पूर्वी पावाच्या कारखान्यात कामाला, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. शुद्धीत असल्याचं इतर लोक एका ओळीत लिहून मोकळे होतात. मला ते कोर्टातून मिळवावं लागलं, म्हणून आधी तेच सांगते.

बर्फावर घसरून डोक्याला मार बसला, तेव्हापासून हातातलं काम पुढे कसं न्यायचं ते मला आठवत नाही. पातेलं गॅसवर ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन उभी राहायचे. एकदा पडदे पेटले. थोरला भाऊ झानबेक, ज्याला मी आगा म्हणते, त्याने मला अक्षम ठरवून अपंगांच्या आश्रमात ठेवावं असा कोर्टात अर्ज केला.

"आगा, घर माझं आहे."

"जाळशील, मग कुठलं घर? तिथे निदान वेळेवर सूप तरी मिळेल."

पुनर्वसन केंद्रातल्या लारिसा त्सोय यांनी माझ्या स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघराचे फोटो काढून टॅबलेटवर घातले. फोटोला बोट लावलं की पुढे काय करायचं ते ऐकू येतं. "आवाज कोणाचा ठेवायचा? दुसऱ्याचे हुकूम चालतील?" त्यांनी विचारलं.

"सासूचेही चालले नाहीत," मी म्हटलं. म्हणून आवाज माझाच आहे. शेगडीला त्यांनी एक डबी लावली. जवळ कोणी नसलं की गॅस आपोआप बंद होतो.

कोर्टाची माणसं घरी पाहायला आली. मी बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळायला घेतले आणि कणीक हातात असतानाच टॅबलेट बंद पडला.

"बघा!" आगा म्हणाला. "ते बंद, की ही बंद."

मी गॅस बंद केला, हात पुसले. "पुढचं मला आठवत नाही. हा चार्ज होईपर्यंत थांबावं लागेल. बसा."

ते बसले. बाउर्साक उशिराने झाले, पण चांगले फुगले. अर्ज फेटाळला गेला.

सबब माझी व्यवस्था अशी:

माझं राहतं घर केंद्रात माझ्यासोबत येणाऱ्या अल्तनाय सेरिमकिझी हिला द्यावं. तिची समज जन्मापासून मंद आहे. लाँड्रीत इस्त्री करते, कमावते, आणि घर नाही म्हणून आश्रमात झोपते. घर तिच्याच नावावर व्हावं; केंद्राच्या, पालकाच्या किंवा कोणा हितचिंतकाच्या नाही. ती मला अपके, म्हणजे ताई, म्हणते. हे तिला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "अपके, कडी आतून असेल ना?"

"असेल. आणि किल्लीही तुझ्याकडेच."

टॅबलेटही तिचाच. मात्र त्यातला माझा आवाज पुसावा. मेलेल्या बाईने रोज सकाळी कोणाला दात घासायला सांगू नये. अल्तनायने स्वतःच्या आवाजात, तिला रुचेल तसं बोलून घ्यावं. लारिसाबाईंनी घाई करू नये. बँकेतली शिल्लक टॅबलेट व डबीच्या दुरुस्तीसाठी.

वरच्या मजल्यावरच्या रोझाबाई "वेडीच्या हाती गॅस" म्हणून माझ्याविरुद्ध सह्या गोळा करत हिंडल्या. त्यांना माझी लोणच्याची बरणी. दरवेळी भरलेली मागून न्यायच्या आणि रिकामी परत आणायच्या. आता राहू दे त्यांच्याकडेच.

आगाला आईची मोठी कढई देणार होते, आणि साक्षीदारही त्यालाच करणार होते. नोटरीबाईंनी अडवलं: ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही. मी तिथूनच फोन लावला.

"आगा, कढई घेतोस की सही करतोस?"

"कसली सही?"

"मी शुद्धीत असल्याची."

तो खोकला. मग म्हणाला, "तडा गेलेली कढई गळ्यात मारतेस होय? येतो मी."

तेव्हा कढईही घरासोबत अल्तनायला.

हा मजकूर मी थोडा थोडा करून सांगितला. नोटरीबाईंनी मला तो सावकाश वाचून दाखवला, चुकलं होतं तिथे मी दुरुस्त करून घेतलं, आणि मग सही केली.

झाउरेश तोक्तारकिझी
करागांदा, १७ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:

नीना पावलोव्हना ग्रिन्को, शेजारीण.

झानबेक तोक्तारउली, थोरला भाऊ. बहीण शुद्धीत आहे. कोर्टात मी उलट सांगितलं होतं, ते चूक होतं. स्वहस्ते लिहिलं.