येऊ का, आबा?

शुक्रवार, घोडेगाव. दिवेलागण.

दुपारी जर्मनीहून नातीचा, श्रेयाचा फोन. एम.एस.चं दुसरं वर्ष तिचं. "आबा, नाही जमत इथं. परत येऊ का? पप्पांना सांगू नका."

आणि मी काय केलं? शाळेत पाठ केलेली धीराची कविता म्हणून दाखवली. सगळी कडवी!

"कविता राहू द्या आबा. येऊ का, तेवढं सांगा."

मी जेवलीस का म्हणून विचारलं. तिनं फोन ठेवला.

येऊ का, एवढंच विचारत होती पोर. मी कवितेमागं का लपलो? मुलाला भ्यालो. ती निघताना तिचा सत्कार करणाऱ्या गावाला भ्यालो.

आत्ता मीच फोन लावला. "ये बाळा. तुझ्या बापाला मी बघतो."

ती म्हणाली, "मग राहून बघते आबा, अजून थोडं."

शाब्बास म्हणालो. पण आली असती, तर बरं झालं असतं.