शांत माणसाची बंदूक

४ जुलै, सकाळी सहा
रानडुकराने आणखी दोन कोकरं फाडली. एकूण अकरा. आतडी कुंपणाच्या तारेवर. माझी बंदूक शेजारच्या मर्व टकवेलच्या तिजोरीत, चार किलोमीटरवर. लायसन्सवर पोलिसांची अटच तशी: बंदूक मर्वकडे ठेवायची, त्याच्यासमोरच वापरायची. कारण काय, तर गेल्या वर्षी बोअरचा पंप सुरू होईना म्हणून मी त्याला तीन गोळ्या घातल्या. पंप माझाच होता! (अर्धा मर्वचा.)
ठरलं. अटीविरुद्ध ट्रायब्युनलमध्ये अपील. वकील नको. माझं मीच बोलणार.

१९ जुलै
अर्जात लिहिलं, 'अर्जदार शांत स्वभावाचा आहे.' प्रिंटर अडकला. प्रिंटर आता अंगणात, तीन तुकड्यांत. बायको ग्लेनिस म्हणाली, क्लाइव्ह, हाताने लिही, पेन फेकलं तरी फुटत नाही. बायकांना कायद्यातलं कळत नाही.

२ ऑगस्ट
डुकराने बिस्किटचं पोट फाडलं. नऊ वर्षांचा कुत्रा माझा. पहार घेऊन धावलो. डुकराच्या एका पिल्लाचं डोकं फोडलं, मोठं धूड निसटलं. मर्व बंदूक घेऊन उशिरा आला, म्हणून पहार त्याच्या गाडीच्या काचेवर. मग दोघांनी मिळून बिस्किटला पुरलं. खूप रडलो. चिडलो मात्र नाही.
अपिलात माझा साक्षीदार मर्वच. वीस वर्षांची दोस्ती.

२१ ऑगस्ट, सुनावणी
भाषण उत्तम झालं. मग ट्रायब्युनलच्या मॅडमनी मर्वला विचारलं, यांचा राग हल्ली कसा आहे? मर्व खुशीत. म्हणे, लाख सुधारलाय गडी! पूर्वी रोज काहीतरी फोडायचा. या दोन महिन्यांत फक्त प्रिंटर, माझी काच, एक फाटक आणि लोकर कापणाऱ्या पोराचं नाक. तेही मोडलं नाही, नुसतं वाकलं.
मी टेबलावर एकदाच मूठ आपटली. पाण्याचा जग मॅडमच्या कागदांवर.
परतताना मर्व विचारत होता, बरं बोललो ना रे?

१२ सप्टेंबर
निकाल. अट गेली. लायसन्ससकट.

६ नोव्हेंबर
ग्लेनिसला लायसन्स मिळालं. आज पहाटे तिने डुकराला एका गोळीत आडवं केलं. मर्वने तिची पाठ थोपटली. मी शंभर मीटरवर, फाटकाबाहेर. तिच्या लायसन्सवर एकच अट आहे: बंदूक बाहेर असताना नवरा जवळ नको.
मी म्हटलं, अपील कर, मी लिहून देतो. ती म्हणाली, अरे, पोलिसांनी नाही घातली ती. मीच मागून घेतली.